अ‍ॅल्युमिनियम-कॉपरच्या फेज-फील्ड सिम्युलेशनसाठी (धातू गोठताना आतली रचना कशी वाढते ते कॉम्प्युटरवर बघणं) फेज डायग्रॅमचा (कोणत्या तापमानाला, किती प्रमाणाला काय द्रव आणि काय घन ते दाखवणारं चित्र) डेटा कुठून घ्यावा? पुस्तकातल्या चित्रावरून पॉइंट काढले तर चालतं का?

नाही चालत. म्हणजे एका ठिकाणी चालतं, ते पुढे सांगतो, पण आधी माझी रड ऐका, कारण या प्रश्नानं खपली निघाली.

एमटेकला माझा प्रोजेक्ट हाच, अ‍ॅल्युमिनियममध्ये 4.5 टक्के कॉपर, त्याचे डेंड्राइट, म्हणजे गोठताना फांद्यांसारखे वाढणारे स्फटिक, वाढवून दाखवायचे. सरांनी एक झेरॉक्स दिली, झेरॉक्सची झेरॉक्स, कितवी ते देव जाणे, आणि म्हणाले यात सगळं आहे, पॉइंट उचल आणि कर्व्ह फिट कर. मी म्हटलं सर टीडीबी फाईल, म्हणजे मिश्रधातूच्या फ्री एनर्जीची समीकरणं असलेली फाईल, मिळते, तर म्हणे फुकटातल्या फाईलवर भरवसा ठेवू नकोस. झालं, दोन रात्री क्लिक करकरून लिक्विडस-सॉलिडस (गोठणं सुरू होण्याची आणि संपण्याची रेषा) काढले, त्यावर पॅराबोला बसवले आणि कोड पळवला. शेवटी गोठणारं युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला उरलेला द्रव गोठून होणारं मिश्रण) आलं जवळजवळ पाव हिस्सा! सर म्हणाले मेश बारीक कर, मग म्हणाले इंटरफेसची जाडी कमी कर, यात दोन महिने गेले. एका रात्री वैतागून शाइलचं समीकरण (शेवटी किती द्रव उरतो ते सांगणारं) कागदावर मांडलं, के, म्हणजे घन आणि द्रवातल्या कॉपरचं गुणोत्तर, 0.17, युटेक्टिक 33.2 टक्क्यांवर, त्यात 4.5 टाकलं तर उत्तर 9 टक्के. मग 10 टाकून बघितलं तर 23-24. तेव्हा ट्यूब पेटली. झेरॉक्समध्ये खालच्या अक्षाचं नाव कापलं गेलं होतं, तो अक्ष अ‍ॅटॉमिक परसेंटचा होता, आणि माझे 4.5 वेट परसेंट. अ‍ॅटॉमिकमध्ये ते जेमतेम 2 होतात, मी मात्र 4.5 अ‍ॅटॉमिक म्हणजे तब्बल 10 टक्के वजनाचं कॉपर ओतत बसलो होतो. युटेक्टिक 17 वर दिसतंय हे बघूनच शंका यायला हवी होती, पण 548 डिग्री बरोबर जुळलं म्हणून निर्धास्त राहिलो. सर म्हणाले तुला अक्ष वाचता येत नाही. अहो, अक्ष होता कुठे?

तर मुद्दा असा की चित्र म्हणजे डेटा नाही. चित्रात फक्त घन आणि द्रवाच्या फ्री एनर्जीच्या वक्रांना कॉमन टँजंट (दोघांची एकच स्पर्शरेषा) कुठे टेकते तेवढं कळतं, त्या वक्रांची उंची आणि वाक कळत नाही, त्यामुळे अंडरकूलिंगमधला (गोठणबिंदूच्या खालीही द्रव राहतो तेव्हाचा) ड्रायव्हिंग फोर्स, म्हणजे गोठण्याची ओढ, ही तुमच्या पॅराबोलाची कल्पनाशक्ती. एजिंग (मिश्रधातू गरम ठेवून कडक करणं) करणार असाल तर मग बोलायलाच नको, त्यात तयार होणारा थीटा-प्राइम हा फेज मेटास्टेबल, म्हणजे पूर्ण स्थिर नसलेला, तो त्या चित्रात नसतोच.

टीडीबी घ्या. हलक्या मिश्रधातूंसाठी कॉस्ट 507 हा डेटाबेस आहे, 1998 चा, जुना पण अ‍ॅल्युमिनियम-कॉपरला भरपूर झाला. जपानच्या निम्सचा डेटाबेस आहे, ब्राऊन युनिव्हर्सिटीवाल्यांची टीडीबी शोधायची सोय आहे. फाईल पायकॅलफॅड किंवा ओपनकॅलफॅड या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि आधी डायग्रॅम काढून बघा, युटेक्टिकचे 548 डिग्री, तिथे घनात मावणारं 5.65 आणि द्रवातलं 33 वेट परसेंट कॉपर जुळले तरच पुढे जा. आकडे जूल पर मोलमध्ये येतात, मोलर व्हॉल्यूमनं भागायला विसरू नका, अ‍ॅल्युमिनियमला साधारण 10 घन सेंटिमीटर धरा. डिफ्युजनचा डेटा वेगळा शोधावा लागतो, तो यात नाही.

आता चित्र कुठे चालतं ते. फक्त लिनिअराइझ्ड मॉडेल असेल, म्हणजे के आणि लिक्विडसचा उतार, टक्क्याला साधारण 3.4 डिग्री, एवढंच लागणार असेल तर चित्र पुरतं, उगाच फाईलच्या मागे लागू नका. आणि तीन-चार मूलद्रव्यांच्या मिश्रधातूला फुकटची फाईल डोळे मिटून वापरू नका, बायनरी म्हणजे दोन-दोन मूलद्रव्यांच्या डेटावरून नुसतं एक्स्ट्रापोलेट केलेलं असू शकतं. एवढ्यापुरते सर बरोबर होते.

आणि हो, टीडीबीला मोल फ्रॅक्शन लागतं, वेट परसेंट नाही, त्यामुळे टीडीबी असती तरी मी त्यातही 0.045 च टाकलं असतं, हेही खरं.