पंगत उठल्यावर पणजीला कुठे न्यावं?

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही सगळे वाईच्या घरी जमणार आहोत. आजेसासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि सर्वांत धाकटी पणती सहा वर्षांची. जेवणानंतर दोन गाड्या काढून पाचगणीला जायचं मुलांनी ठरवलंय. आजेसासूबाईंना घाटात गाडी लागते. त्या म्हणतात, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." त्यांना घरी ठेवून निघायचं मन होत नाही. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : पाचगणी राहू द्या. भरल्या पोटी पसरणीच्या घाटाची वळणं तरण्याताठ्यांनाही सोसत नाहीत, तिथे ८४ वर्षांच्या बाईंना कशाला नेता? मेणवली आणि धोम गाठा. दोन्ही ठिकाणं वाईपासून दहा किलोमीटरच्या आत आहेत आणि घाट चढावा लागत नाही.

पण खरी अडचण रस्त्यावर नसते, स्वयंपाकघरात असते. पुरुष आणि मुलं आधी जेवतात, बायकांची पंगत तीनला बसते, मग भांडी आणि झाकपाक. निघेपर्यंत साडेचार. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे फिरायला उरतं काय? शिवाय ज्या बाईने सकाळपासून चूल सांभाळली, ती गाडीत बसल्या बसल्या पेंगते. म्हणून बारा वाजता एकच पंगत मांडा. पणजीपासून पणतीपर्यंत सगळे एकत्र, वाढायला मुलगे आणि नातू. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुरणाचा घाट घालू नका. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, मऊ भाकरी, मसालेभात, ताक एवढं पुरे. भांडी भिजत घाला आणि आजेसासूबाईंना तासभर आडवं होऊ द्या.

अडीचला निघा. आजेसासूबाईंना पुढच्या सीटवर बसवा, पाठीला उशी द्या आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. निघण्याआधी त्यांना बाथरूमला जायची आठवण करा. म्हातारी माणसं बाहेर पंचाईत नको म्हणून पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. मागे कृष्णेचा घाट, आणि तिथल्या छोट्या देवळात १७३९च्या वसई मोहिमेनंतर आणलेली भलीमोठी पोर्तुगीज घंटा. मुलांना ती दाखवाच. घाटाच्या पायऱ्या मात्र आजेसासूबाईंना उतरायला लावू नका. फोल्डिंगची खुर्ची गाडीत टाका आणि त्यांना वरच सावलीत बसवा. त्यांच्याजवळ एकाने थांबायचं, आळीपाळीने. धोमच्या देवळातला नंदी कासवाच्या पाठीवर बसलाय आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. कुंडात पाणी असलं की कासव तरंगतंय असंच वाटतं. सहा वर्षांची पोर तिथून हलणार नाही.

वाटेत गाणी थोडा वेळ बंद ठेवा. "आजी, पूर्वी इथे काय होतं?" एवढं विचारा. बाजाराला चालत कुठून जायचो, पूर कुठवर आला होता, कोणाचं शेत कुठलं, हे त्यांच्याइतकं गाडीत दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? "मी घर सांभाळते" असं त्या म्हणतात, कारण आपली अडचण होईल असं त्यांना वाटतं. तेव्हा "येता का?" असं विचारूच नका. "आजी, वाट तुम्ही दाखवायची" असं सांगा, तेही आदल्या रात्रीच, म्हणजे लुगडं काढून ठेवतील.

पाचगणीची हौस असलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ द्या. आणि परत आल्यावर रात्रीचा वेगळा स्वयंपाक नको. दुपारचा मसालेभात गरम करा, पापड भाजा.