अर्ध्या पडद्यावर विंडो नेली की फट का राहते?

प्रश्न : केडीई प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपवर ईमॅक्स या मजकूर-संपादकाची विंडो पडद्याच्या डाव्या कडेला नेऊन सोडली की निम्मा पडदा पूर्ण भरत नाही. उजवीकडे आणि खाली बारीक फट राहते, तिच्यातून मागचा डेस्कटॉप दिसतो. ब्राउझर मात्र चपखल बसतो. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून पाहिला, फरक पडला नाही.

उत्तर : ड्रायव्हर पूर्ववत करा, दोष त्याचा नाही. ईमॅक्स आपला आकार अक्षरांत आणि ओळींत मोजतो आणि 'मला एका अक्षराच्या पटीतच वाढवा' असे विंडो मॅनेजरला (विंडोंची जागा आणि आकार सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला) कळवतो. 1920 पिक्सेलच्या पडद्याचा निम्मा भाग 960. कडेच्या पट्ट्या आणि स्क्रोलबार वजा जाता मजकुराला 917 पिक्सेल उरले आणि एक अक्षर 9 पिक्सेलचे असले, तर 101 अक्षरांना 909 लागतात. एकशे दुसरे अक्षर मावत नाही. उरलेले 8 पिक्सेल म्हणजे तुमची फट. ओळ 20 पिक्सेलची असेल तर खाली 19 पिक्सेलपर्यंत जागा रिकामी राहू शकते. फॉन्ट बदलल्यावर फटीची रुंदीही बदलली, तर निदान बरोबर आहे असे समजा.

आकडे डोळ्यांनी पाहायचे असतील तर एक्स 11 सत्रात (वेलँडच्या नव्हे) कोन्सोल या टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप ही आज्ञा द्या आणि ईमॅक्सच्या विंडोवर क्लिक करा. 'रिसाइझ इन्क्रिमेंट' या ओळीतले दोन आकडे म्हणजे अक्षराची रुंदी आणि ओळीची उंची.

उपाय एका ओळीचा आहे : फ्रेम-रिसाइझ-पिक्सेलवाइज या चलाला (सेटिंगला) सेटक्यू ही आज्ञा वापरून टी, म्हणजे 'होय', ही किंमत द्यायची (नावे रोमन लिपीत, मधल्या आडव्या रेघांसह); मग ईमॅक्स अक्षरांच्या पटीऐवजी पिक्सेलच्या हिशेबाने आकार घेतो. ईमॅक्स 24.4 पासून हे चल आहे. ओळ ईमॅक्सच्या अर्ली-इनिट या सेटिंग फाइलमध्ये लिहा. ही फाइल पहिली विंडो तयार होण्याआधी वाचली जाते, म्हणून सुरुवातीच्या विंडोलाही नियम लागू होतो. ती 27 व्या आवृत्तीपासून मिळते. त्याआधीची आवृत्ती असेल तर नेहमीची इनिट फाइल वापरा. मग ईमॅक्स बंद करून पुन्हा उघडा.

ईमॅक्सच्या फाइलींना हात लावायचा नसेल तर ऑल्ट-एफ 3 दाबून विंडोचा मेनू उघडा, तिथून त्या विंडोच्या खास सेटिंगमध्ये जा, 'ओबे जॉमेट्री रिस्ट्रिक्शन्स' (विंडोने मागितलेली आकाराची बंधने पाळणे) हा गुणधर्म जोडा आणि तो 'फोर्स', 'नो' असा ठेवा. आम्ही पहिला उपायच सुचवू, कारण डेस्कटॉप बदलला तरी तो सोबत येतो.

प्रश्न : विंडोजवर जीव्हिम (व्हिम या मजकूर-संपादकाचे स्वतंत्र विंडोतले रूप) कडेला चिकटवतो. दुसरा टॅब उघडला की विंडोचा आकार बदलतो आणि तळ टास्कबारखाली जातो.

उत्तर : टॅबची पट्टी वर आली तरी जीव्हिम ओळींची संख्या तीच राखू पाहतो, म्हणून विंडोच वाढते. व्हिमआरसी या व्हिमच्या सेटिंग फाइलमध्ये 'गुईऑप्शन्स' या पर्यायात के हे अक्षर जोडा. मग विंडो आहे तेवढीच राहते आणि ओळी कमी होतात. त्याच फाइलमध्ये लाइन्स किंवा कॉलम्स यांना ठरावीक आकडे दिले असतील तर त्या ओळी काढून टाका. बरेच जण त्या कुठूनतरी उतरवून घेतात आणि विसरतात.

प्रश्न : ईमॅक्स पूर्ण पडद्यावर असताना मदतीचा मजकूर शेजारी उघडतो, अर्ध्या पडद्यावर मात्र खाली. तिथेही शेजारी हवा आहे.

उत्तर : शेजारी जागा करण्यासाठी ईमॅक्सला किमान 160 अक्षरांची रुंदी लागते. तुमच्या अर्ध्या पडद्यावर साधारण 100 अक्षरेच मावत असणार. स्प्लिट-विड्थ-थ्रेशोल्ड ही मर्यादा 90 वर आणा. प्रत्येक भागाला जेमतेम 50 अक्षरे मिळतील. मदत वाचायला तेवढी चालतात, कोड लिहायला तोकडी पडतात. तेव्हा कंट्रोल-एक्स आणि मग 1 दाबून शेजारचा भाग मिटवा.