रिपोर्ट नॉर्मल आहे, मग पाय का जळतात?

"मॅडम, मला वेड लागलंय का, तेवढं स्पष्ट सांगा." खुर्चीत टेकायच्या आधीच काकूंनी विचारलं. मागे मुलगा उभा, हातात रिपोर्टांची पिशवी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

काकू साठीच्या आसपासच्या, माळकरी. मधुमेह बऱ्याच वर्षांचा. अलीकडे रात्र झाली की तळपाय पेटायचे. "तिखट चोळल्यागत होतं," म्हणाल्या. पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना, म्हणून पाय गार फरशीला लावून झोपायच्या. करंट देऊन करतात ती नसांची तपासणी, एनसीव्ही, झाली होती. नॉर्मल. डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन लिहून दिली आणि समुपदेशनाला जायला सांगितलं. मेडिकलवाला गोळी देताना बोलून गेला, "ही डिप्रेशनची आहे." झालं! रिपोर्ट चांगला, गोळी डिप्रेशनची आणि वर समुपदेशक. काकूंनी काय समजायचं ते समजलं आणि गोळ्या कपाटात ठेवून दिल्या.

मी आधी मुलाला बसवलं. "आई, रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नकोस," असं तो मायेनेच म्हणत होता. काकूंना मात्र त्यात 'तू नाटक करतेस' एवढंच ऐकू येत होतं. अशा दुखण्यात घरच्यांशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दोघांना सांगितलं ते असं. पायाच्या नसांमध्ये जाड तंतू असतात आणि अगदी बारीकही असतात. कंप, स्पर्श, पाय कुठे पडतोय याची जाण हे जाड तंतूंचं काम. वेदना आणि गरम-गार बारीक तंतू कळवतात. एनसीव्हीत जाड तंतूंचंच काम मोजलं जातं. बिघाड फक्त बारीक तंतूंत असेल तर ती नॉर्मल येते आणि पाय तरीही जळतात. पायापर्यंत जाणाऱ्या नसा शरीरात सगळ्यांत लांब, म्हणून मधुमेहात त्रास बहुधा बोटांपासून सुरू होतो आणि मोज्याच्या आकारात वर सरकतो. काकूंच्या फाइलमध्ये डॉक्टरांची नोंदही होती: टाचणीचं टोक आणि गार वस्तू दोन्ही तळपायांना नीट कळत नाही. ती नोंद घरात कोणी वाचलीच नव्हती. सगळ्यांचं लक्ष 'नॉर्मल' या शब्दावर.

मुलाची भीती वेगळीच निघाली. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते तो आजार) रुग्ण सापडले, तेव्हापासून पायाला मुंग्या म्हटलं की तो धसकतो. जीबीएसमध्ये काही दिवसांतच पायांतली ताकद जाऊ लागते, कमजोरी वर चढते. तसं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. काकूंचं दुखणं संथ होतं आणि जिने त्या चढत होत्या.

मग गोळी. मेंदूकडून पाठीच्या कण्यात खाली येणारी, वेदनेला आवर घालणारी एक वाट असते. ही गोळी तिला जोर देते. नसांच्या दुखण्यासाठी ती बऱ्याचदा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्याचा डोस कितीतरी मोठा असतो. फरक पडायला काही आठवडे जातात. तोंड कोरडं पडतं, गुंगी येते, पोट साफ होत नाही. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांची तक्रार किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं. "मग तुमच्याकडे कशाला पाठवलं?" काकूंचा रोखठोक प्रश्न. झोपमोड झाली की दुखणं जास्त बोचतं, दुखलं की झोप येत नाही, आणि संध्याकाळपासूनच रात्रीची धास्ती बसते. माझं काम त्या धास्तीवर.

बोलता बोलता निघालं की काकू रोज मीठ घातलेल्या कढत पाण्यात पाय बुडवून बसतात. ऐकून माझ्याच पोटात गोळा आला. जे तंतू विनाकारण आग भासवतात, त्यांनाच खरी उष्णता नीट कळत नाही. मधुमेही पायाला असा चटका बसला की जखम चिघळायला वेळ लागत नाही. ते त्याच दिवशी बंद केलं, गरम पाण्याची पिशवीसुद्धा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू आणि आहार शाकाहारी, म्हणून व्हिटॅमिन बी-१२ तपासायचं का, असं डॉक्टरांना विचारायला सांगितलं. मेटफॉर्मिनमुळे ते शोषलं कमी जातं, आणि ते कमी पडलं तरी नसा बिघडतात. बी-१२ कमीच निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. साखरही हलली होती, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८ च्या वर. मधुमेहाच्या गोळ्या बदलल्या.

दोन-अडीच महिन्यांनी आल्या तेव्हा जळजळ होतीच, पण पहाटेपर्यंत झोप लागत होती. तोंड कोरडं पडतं ही तक्रार होती. जळजळ पूर्ण जाईल का, या प्रश्नावर मी "कमी होईल, जाईलच असं नाही" म्हणाले. त्यांना ते आवडलं नाही.

खरी घासाघीस वारीवरून झाली. काकू पुण्याहून सासवडपर्यंत दरवर्षी अनवाणी चालायच्या, दिवे घाटासकट. या पायांनी ते नको, यावर मी हटले नाही. शेवटी तोडगा निघाला: मऊ बूट, सुती मोजे, घालण्याआधी बूट झटकून आत हात फिरवायचा, आणि मुक्कामाला सुनेने टॉर्च लावून तळवे बघायचे. बूट घालून चालल्याबद्दल काकू अजून माझ्यावर रुसून आहेत.