पळाले, पण किती लांब?

प्रश्न : चित्रकार माक्स बेकमान १९३७ मध्ये नाझी जर्मनी सोडून ॲम्स्टरडॅमला गेले, असे वाचले. पण हॉलंड तर १९४० मध्ये जर्मनांनीच घेतले. मग ते वाचले कसे? ते ज्यू नव्हते, राजकारणातही नव्हते, तर देश सोडावा का लागला? आणि पुढे परतले का?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. राजकारणात नसलेल्या माणसालाही राजकारण घरी येऊन गाठते. बेकमान फ्रँकफर्टच्या कलाशाळेत शिकवत होते, १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्यांची नोकरी गेली. जर्मन संग्रहालयांतली त्यांची पाचशेहून अधिक कामे जप्त झाली. १८ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये हिटलरने आधुनिक कलेवर आग ओकणारे भाषण केले. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात ‘अधःपतित कला’ नावाचे, चित्रांची टर उडवण्यासाठी मांडलेले प्रदर्शन उघडले. त्यात बेकमानांची चित्रेही होती. त्याच दिवशी ते पत्नी क्वापीसह ॲम्स्टरडॅमच्या गाडीत बसले.

आता तुमची खरी शंका. हॉलंड हा त्यांचा शेवटचा मुक्काम ठरायचा नव्हता. पॅरिसला जायचा विचार होता, तो युद्धाने बारगळला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने शिकवायला बोलावले, तर अमेरिकेचा व्हिसा मिळेना. मे १९४० मध्ये जर्मन फौजा शिरल्या, तेव्हा बेकमानांनी आपल्या रोजनिशा जाळून टाकल्या. राहायला रोकिन रस्त्यावरच्या जुन्या तंबाखूच्या गोदामातला मजला. वाचले ते थोडे नशिबाने, थोडे अवघड ओळखींमुळे. ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात हिटलरने योजलेल्या संग्रहालयासाठी चित्रे जमवणारा एर्हार्ड ग्योपेल हा त्यांची चित्रे विकत घेई आणि त्यांना सांभाळूनही घेई. मुलगा पेटर जर्मन हवाई दलात डॉक्टर, त्याने काही चित्रे जर्मनीत पोचवली. ही मदत स्वच्छ होती का, यावर वाद घालणाऱ्यांनी आधी स्वतःला त्या गोदामात उभे करून पाहावे, असे माझे मत. कहर म्हणजे १९४४ मध्ये, वयाच्या साठीत, ज्या सैन्यापासून पळाले त्याच सैन्याने त्यांना वैद्यकीय तपासणीला बोलावले! अपात्र ठरले म्हणून सुटले.

आणि या सगळ्यात माणूस रंगवत होता. तीन फलकांची मोठमोठी चित्रे त्यांनी याच काळात एकामागून एक केली. १९४२ मध्ये, ते जर्मन ताब्यातल्या शहरात अडकलेले असताना, त्यांचे ‘प्रस्थान’ हे तीन फलकांचे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात दाखल झाले. चित्राला व्हिसा लागत नाही!

तुम्हाला निर्वासन नेमके काय करते ते पाहायचे असेल, तर दोन आत्मचित्रे शेजारी ठेवा. १९२७ चे टक्सिडोतले, म्हणजे मेजवानीच्या काळ्या कोटातले : एक हात कमरेवर, दुसऱ्यात सिगारेट, नजर थेट आपल्यावर, जणू मैफिलीचा यजमान. १९३८ चे : अंगात पट्ट्यापट्ट्यांचा झगा, पाठीमागे रिकामी सोनेरी चौकट, हातात शिंग, ते कानाजवळ धरलेले. वाजवलेल्या शिंगाला कुठून उत्तर येते का, हे तो ऐकतो आहे, असे मला वाटते. पटायला हवे असे नाही.

परतले का? नाही. युद्ध संपल्यावर वेगळीच पंचाईत. डच सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक! ‘शत्रू नव्हे’ असा दाखला १९४६ मध्ये मिळाला. १९४७ मध्ये अमेरिकेत गेले आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, चित्रकार फिलिप गस्टन यांच्या जागी शिकवू लागले. इंग्रजी तोकडे, म्हणून बोलायचे काम क्वापी करी. पुढे ते न्यूयॉर्कला गेले. तिथेच २७ डिसेंबर १९५० रोजी रस्त्यात चालताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. निघाले होते मेट्रोपॉलिटन संग्रहालयात टांगलेले आपलेच आत्मचित्र पाहायला.