हिशेबाची वही नव्याने हाती घेताना

ताई, बचत गटाची वही हाती आल्यावर ‘प्रामाणिकपणा माणसात येतो कुठून?’ असे तुम्ही विचारले आहे. तो बहुतेक घरातूनच येतो. उसनी आणलेली ज्वारी परत करताना माझी आजी पायलीवर नेहमी शीग ठेवायची, आणि ते पाहतच मी वाढले. पैठणच्या एकनाथांची कथा तर आपल्याकडे घरोघरी सांगतात: देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब पाहताना एका पैची चूक सापडेपर्यंत ते रात्रभर जागले, आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून हसले.

सुरुवातीला एवढेच पाळा. पैसे हाती येताच सर्वांसमोर नोंद करा. रात्री आठवून लिहिलेली वही हमखास चुकते. रक्कम कमी भरली, तर पदरचे पैसे घालून गप्प बसू नका, कारण ही चूक भली माणसेच करतात (मीही केली आहे), आणि मग खरी चूक कुठे झाली, हे पुढच्या महिन्यात कोणालाच शोधता येत नाही. जावेचा उशिराचा दंड माफ केलात, तर सगळ्यांचाच करावा लागेल.

कर्जाच्या व्याजाची आकडेमोड सध्या जुन्या सचिवांकडेच राहू द्या. पहिले तीन महिने तुम्ही फक्त जमा, खर्च आणि शिल्लक सांभाळा.