बंदुकीपेक्षा बूट जास्त बोलतात

प्रश्न : तुम्ही सुचवलेला 'पॉइंट ब्लँक' पाहिला. सूडपटांचा बाप म्हणून बसलो, तर नायक शेवटी पैसेसुद्धा उचलत नाही. धड कुणाला मारतानाही दिसला नाही. मग पुढच्या अ‍ॅक्शनपटांनी याच्याकडून घेतलं तरी काय?
– एक वाचक

उत्तर : चिडलात, पण पाहिलंत मात्र नीट. नायक वॉकरच्या गोळीनं या चित्रपटात खरंच कुणी मरत नाही. त्याला दगा देणारा साथीदार रीस गच्चीवरून खाली पडतो, टोळीतले वरचे साहेब कार्टर आणि ब्रूस्टर आपल्याच टोळीच्या नेमबाजाकडून जातात. वॉकर नुसता तिथे जाऊन पोचतो. आणि पोचणं हीच तर त्याची दहशत.

मी आयुष्यभर एडिटिंग टेबलावर बसलो, त्यामुळे माझं उत्तर कानापासून सुरू होतं. लॉस एंजेलिसच्या विमानतळावरचा तो लांबलचक कॉरिडॉर आठवा. वॉकर झालेला ली मार्विन चालतोय, टाचा फरशीवर खाडखाड वाजतायत. मग त्याची बायको दिसते, आरशासमोर, पार्लरमध्ये. चित्र बदलत राहतं, पावलं मात्र थांबत नाहीत. शेवटी तो दार फोडून आत घुसतो आणि रिकाम्या पलंगावर गोळ्या झाडतो! मी शिकाऊ असताना आमच्या उस्तादांनी हा तुकडा आधी आवाज बंद करून दाखवला, मग मला पडद्याकडे पाठ करून बसवलं आणि नुसता ऐकवला. दुसऱ्या खेपेला अंगावर काटा आला. मारामारी सुरू होण्याआधीच प्रेक्षकाला घाबरवता येतं, हे मला तेव्हा कळलं. एकटा माणूस न थांबता चालत येतोय, हे चित्र नंतरच्या कितीतरी अ‍ॅक्शनपटांत दिसेल. त्यातली शांतता मात्र फार थोड्यांना झेपली.

दुसरी गोष्ट म्हणजे शत्रू. वॉकरला हवेत फक्त स्वतःच्या वाट्याचे ९३ हजार डॉलर. पण समोर खलनायक नाही, कंपनी आहे. प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो, आणि रोकड कुणाकडेच नाही, सगळा कारभार चेकवर! सरकारी खिडक्यांवर फिरलेल्या कुणालाही वॉकरची दया येईल.

हे १९६७ साली हॉलिवूडमध्ये जमलं कसं? दिग्दर्शक जॉन बूरमनचा तिथला हा पहिलाच चित्रपट. मार्विनला करारानं पटकथेवर आणि नटांच्या निवडीवर मंजुरीचा हक्क होता. तो त्यानं भर बैठकीत बूरमनच्या हवाली केला. असा नट मला तरी कधी भेटला नाही.

आता पैशांचं. वॉकर सुरुवातीलाच आल्कट्राझच्या ओस पडलेल्या तुरुंगातल्या कोठडीत रीसच्या गोळ्यांनी मेला आणि पुढचं सगळं मरणाऱ्याच्या डोक्यातलं, असं बरेच जण मानतात. बूरमननं दोन्ही दारं उघडी ठेवलीत. मी स्वतः त्याला जिवंत धरून पाहतो. मग शेवटी पैसे समोर असूनही फोर्ट पॉइंट या जुन्या किल्ल्याच्या अंधारातून तो बाहेर येत नाही, ते जास्त लागतं.

एवढं करूनही हिशेब चुकता झालेलाच पाहायचा असेल, तर 'पॉइंट ब्लँक' रिचर्ड स्टार्कच्या ज्या कादंबरीवर बेतलाय, त्याच कादंबरीवरचा १९९९चा 'पेबॅक' बघा. तिथे मेल गिब्सन ७० हजारांसाठी भांडतो. तुम्हाला तो जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे. मी मात्र त्याच वर्षीचा 'द लायमी' लावीन, कारण त्याचा दिग्दर्शक सोडरबर्गनं बूरमनचं संकलन मन लावून पाहिलंय, ते कापाकापात दिसतं.