सुया लावा, पण फिजिओ सोडू नका

ताई, लकव्यानंतर (स्ट्रोकनंतर) बाबांना अ‍ॅक्युपंक्चर सुरू करायचं तर करा, पण फिजिओ बंद करून नको, कारण मेंदूला तीच हालचाल शेकडो वेळा करायला लावली की हात-पाय सुधारतात आणि पहिले 3 ते 6 महिने त्यासाठी सगळ्यात मोलाचे. सुयांचा पुरावा तसा कच्चाच आहे, तरी ताठरपणा जरा सैल वाटला तर त्याच दिवशी लगेच व्यायाम घ्या. चीनमध्ये तर डोक्यात सुया असतानाच पेशंटला हात-पाय हलवायला लावतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर न्यूरोवाल्या डॉक्टरांना आधी विचारा, सुया डिस्पोजेबलच हव्यात. आणि हो, उठवताना लुळा हात धरून ओढू नका हां, खांदा निखळतो!